जजसाहेबांच्या नावाने

माझं झेरॉक्सचं दुकान आणि शेजारचं सलून यांच्यामध्ये भिंत म्हणून प्लायवूडचा एक पडदा आहे. मालकाने एका गाळ्याचे दोन केले आणि खर्च मात्र अर्ध्या गाळ्याचाही केला नाही. त्यामुळे पलीकडे कात्री चालली तरी मला ऐकू येतं. आणि कात्रीपेक्षा जास्त चालते ती सलूनवाल्यांची जीभ.

त्यांना सगळे जजसाहेब म्हणतात. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती कापड आवळलं की ते निकाल द्यायला लागतात. मुलाने वेगळं बिऱ्हाड करावं का, दुखरा दात काढावा की ठेवावा, जुनी गाडी विकावी की दुरुस्त करावी. मानेवर वस्तरा असताना कोण उलटून बोलणार? म्हणून इतक्या वर्षांत त्यांचा एकही निकाल फिरलेला नाही.

माणूस वाईट नाही. हात तर इतका हलका, की दुसरीकडे किंचाळून दुकान डोक्यावर घेणारं पोर त्यांच्या खुर्चीत पेंगतं. अंथरुणाला खिळलेल्या जुन्या गिऱ्हाइकांची दाढी करायला न बोलावता घरी जातात. फक्त बोलणं आवरत नाही.

अलीकडे त्यांचा आवडता खटला एकच होता. मुलं आणि मोबाइल. त्याला कारणही तसंच होतं. शाळकरी पोरं यायची, बापाचा फोन पुढे करायची आणि म्हणायची, असे केस पाहिजेत. फोनवर कुठल्या तरी पोराचं डोकं: कानावर साफ मशीन मारलेलं, मध्ये तुरा, बाजूला वीज पडल्यासारखी रेघ. मागे बाप उभा, दात-ओठ खात. बाप म्हणणार, असलं डोकं घेऊन शाळेत घेणार नाहीत. पोरगं म्हणणार, वर्गातल्या सगळ्यांचं असंच आहे. जजसाहेब मधोमध कात्री घेऊन. त्यांनी रेघ मारली की बाप चिडायचा, नाही मारली की पोरगं डोळ्यांत पाणी आणायचं, आणि अर्धवट मारली तर दोघंही एक होऊन त्यांच्यावर घसरायचे.

मग ते गेल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाला निकाल ऐकावा लागायचा. सोळा वर्षांखालच्या एकाही पोराला त्या सोशल मीडियाच्या ॲपांवर पाय ठेवू देता कामा नये. बंदी म्हणजे बंदी. आणि शेवटी हमखास, "माझ्या घरात या आणि बघा. माझ्या बारकीकडे फोनच नाही."

बारकी म्हणजे त्यांची धाकटी. थोरली लांब कॉलेजच्या हॉस्टेलवर असते. बारकी तेरा वर्षांची, सडपातळ, मितभाषी. तिची आई औषधांच्या दुकानात कामाला आहे, संध्याकाळशिवाय सुटत नाही. म्हणून शाळा सुटली की बारकी थेट सलूनमध्ये यायची, मागच्या बाकावर दप्तर ठेवायची, अभ्यास करायची आणि मध्येमध्ये दुकानाचा फोन बघायची. कोण किती वाजता येणार, त्याच्या वेळा लावून ठेवणं हे तिचं काम. हा फोन जजसाहेबांनी खास दुकानासाठी घेतला होता, आणि घरात ब्याद नको म्हणून तो घरी न्यायचाच नाही असा त्यांनी नियम केला होता. नियम पाळला जायचा. जजसाहेबांना त्याचा फार अभिमान होता.

त्या फोनवर दुकानाचं एक पान होतं. बायकोच्या भावाने, म्हणजे त्यांच्या मेहुण्याने, ते सुरू करून दिलं होतं. कापण्याआधीचं डोकं आणि कापल्यानंतरचं डोकं, दोन्ही मागून, चेहरा दिसणार नाही अशा बेताने काढलेले फोटो, आणि खाली जजसाहेबांच्या ढंगातला एखादा निकाल. 'या डोक्याला तेलापेक्षा विश्रांतीची गरज होती.' लोकांना ते आवडलं. शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून तरुण पोरं यायला लागली. जजसाहेबांनी खूश होऊन मेहुण्याला जन्मभर फुकट कटिंग जाहीर केली. मेहुणाही काही न बोलता दर पंधरवड्याला येऊन खुर्चीत बसायचा.

त्याच सुमारास शाळेने पालकांची सभा बोलावली. मुलांनी सोशल मीडिया वापरावा की नाही, यावर पालकांनी बोलावं असं मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं होतं. बाकीचे पालक घसा खाकरत बसले. जजसाहेब उठले आणि खुर्चीत कोणीही नसताना तासभर बोलले. टाळ्या पडल्या, बंदीच्या बाजूने हात वर झाले. घरोघरी जाऊन पालकांना समजावण्यासाठी एक समिती नेमली गेली आणि हे तिचे प्रमुख झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते भाषण मला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. माझ्याकडे पाच माणसं रांगेत उभी होती.

त्यानंतरच्या आठवड्यात लिफ्टवाला आला. मी तेव्हा सुटे मागायला पलीकडे गेले होते, म्हणून मला सगळं दिसलं. हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तिशीचा असेल. बाहीला ग्रीसचे डाग, डोक्यावर टोपी, हातात पेस्ट्रीचा खोका. खोका त्याने आरशाखाली ठेवला, टोपी काढली. पुढचे केस बरेच गेलेले होते.

"जजसाहेब, तुमचं ऐकलं," तो म्हणाला. "टोपी काढून भेटलो तिला."

जजसाहेबांना काही कळलं नाही, पण 'मला काही कळलं नाही' असं म्हणायची त्यांना सवय नाही. ते म्हणाले, "छान केलंत."

मग तो आपणहून सांगत गेला. लग्न ठरत होतं. मुलीला टक्कल दिसू नये म्हणून त्याने प्रत्येक भेटीत टोपी घातली होती, आणि आता पुढे काय, म्हणून झोप उडाली होती. तुम्ही दुकानाच्या पानावरून लिहिलंत की कधीतरी टोपी काढावीच लागेल, तर आत्ताच काढा, म्हणून काढली. तर ती हसायला लागली. ती त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कामाला होती. लिफ्ट बिघडली होती तेव्हा हा लिफ्टच्या टपावर उभा राहून काम करत होता आणि तिने वरून वाकून पाहिलं होतं. म्हणजे त्याच्या चेहऱ्याआधी तिने त्याचं टक्कलच पाहिलं होतं.

मीही हसले. जजसाहेब हसले नाहीत. तो पुढे बोलतच होता. नुसतं लग्नाचं नाही, त्याने तर आईच्या आजारपणाचंही सगळं लिहिलं होतं म्हणे. डॉक्टर काय म्हणाले, आई रात्रभर कशी कण्हते, आणि एक दिवस लिफ्टच्या खोल शाफ्टमध्ये काम करताना त्याच्या मनात नको तो विचार कसा आला, तेही. "त्या दिवशी तुमचं उत्तर आलं नसतं तर माहीत नाही," तो म्हणाला. "बरोबर शाळा सुटायच्या वेळेला तुमचं उत्तर यायचं. मी वाट बघत असायचो."

जजसाहेबांनी आरशात पाहिलं. आरशात मागचा बाक दिसत होता, आणि बाकावर बारकी भूगोलाच्या पुस्तकात नाक खुपसून बसली होती. पुस्तक उलटं नव्हतं एवढंच.

त्यांनी त्याचे केस कापले. एक शब्द बोलले नाहीत. मी त्या सलूनमध्ये अशी शांतता कधी ऐकली नव्हती. तो पैसे देऊन गेला तेव्हा त्यांनी शटर अर्धं ओढलं, बारकीपुढे हात केला आणि म्हणाले, "दाखव." त्यांचा वाचायचा चष्मा घरी होता. म्हणून फोन माझ्या हातात आला. "ताई, तुम्ही वाचा."

मी वाचत गेले. एक बसचालक होता, त्याचं भावाशी पटत नव्हतं; तो रोज नवीन भांडण लिहायचा. निवृत्त झालेले एक कारकून होते, ते रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवून विचारायचे, आज कसे आहात. कॉलेजातल्या एका पोराला परीक्षेची भीती. प्रत्येकाला उत्तर होतं. उत्तरं मोजकी आणि समजूतदार होती. खरं सांगायचं तर जजसाहेबांनी जन्मात दिली नसती इतकी शहाणी होती. आणि एकाने घाणेरडं काही लिहून फोटो मागितला होता. त्याला तिने उत्तर न देता बंद करून टाकलं होतं. ते मी मोठ्याने वाचलं नाही, पण जजसाहेबांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. ते आपल्याच खुर्चीत जाऊन बसले.

झालं होतं ते असं. मेहुण्याला त्या पानाचा पहिल्याच महिन्यात कंटाळा आला. त्याने भाचीला सगळं दाखवलं आणि म्हणाला, तू बघत जा, तुला जमेल. खातं उघडायला वय लागतं, तर वय जजसाहेबांचं टाकलं. जजसाहेबांना वाटत होतं, मेहुणा लिहितो. बायकोला वाटत होतं, नवरा लिहितो. मला काही वाटतच नव्हतं, मी दिवसभर लोकांचे कागद उलटेपालटे करत होते. आणि ती पोर शाळा सुटल्यावर मागच्या बाकावर बसून शहरभरच्या मोठ्या माणसांची समजूत काढत होती.

त्या संध्याकाळी घरी बोलाचाली झाली. ती मला दुसऱ्या दिवशी बारकीच्या आईने सांगितली. जजसाहेबांनी नेहमीचा सूर लावला. विश्वासघात, नाक कापलं, समितीत काय तोंड दाखवू. बायकोने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "खातं माझ्या भावाने दिलं, फोन तुम्ही दिलात, आणि मी संध्याकाळपर्यंत औषधांच्या दुकानात. आता अहो, ओरडायचं नक्की कुणावर?"

तेव्हा बारकी बोलली. इतका वेळ ती भांडी पुसत होती.

"मी बंद करणार होते, बाबा. खूपदा. पण उत्तर नाही दिलं की ते परत विचारतात. मग वर्गात बसून माझ्या डोक्यात तेच. लिफ्टवाल्या काकांना काही झालं तर?" आणि मग म्हणाली, "मोठी माणसं एवढं सगळं का सांगतात? मी फक्त विचारलं होतं, केस कसे कापायचे."

जजसाहेब न जेवता उठले, मग थोड्या वेळाने परत येऊन जेवले.

मेहुणा पंधरवड्याने आला तेव्हा मात्र त्याची खरोखर बिनपाण्याने झाली. मी मुद्दाम मशीन बंद करून ऐकली. तो म्हणत होता, अहो दाजी, आजकालची पोरं हुशार असतात, तिला काही होत नाही. जजसाहेब म्हणाले, तुला होईल, ऊठ. जन्मभराची कटिंग तिथेच संपली. अर्धं डोकं राहिलं होतं. ते त्याने दुसरीकडे जाऊन करून घेतलं असावं.

इथपर्यंत मला त्यांचं वागणं पटलं. पण पुढे त्यांच्या डोक्यात काय आलं कोण जाणे. एकदम बंद केलं तर धंदा बसेल, म्हणून त्यांनी ते पान स्वतः चालवायचं ठरवलं. आता या माणसाला बोलायची सवय, लिहायची नाही. बसचालकाला त्यांनी लिहिलं, 'चूक तुमची आहे.' निवृत्त कारकुनांना लिहिलं, 'फुले पाठवू नयेत.' कॉलेजच्या पोराला लिहिलं, 'अभ्यास कर.' दोन दिवसांत लोकांनी विचारायला सुरुवात केली की जजसाहेब, तब्येत बरी आहे ना?

बारकी मागच्या बाकावरून बघायची आणि कपाळावर हात मारायची. शेवटी तिला राहवेना.

"बाबा, असं नाही लिहायचं."

"मग कसं लिहायचं?"

"आधी विचारायचं, आज भाऊ काय म्हणाला. मग—"

आणि ती सांगायला लागली, आणि जजसाहेब चष्मा नाकावर ओढून, एका बोटाने, एकेक अक्षर लिहून घ्यायला लागले. मला पडद्याआडून सगळं ऐकू येत होतं. माझं डोकंच फिरलं. मी तशीच हातातले कागद घेऊन पलीकडे गेले आणि म्हणाले, "आता काय फरक राहिला? आधी ती लपून करत होती, आता तुम्ही समोर बसवून करून घेताय."

माझ्यावर ते चिडले. दुपारभर माझ्याशी बोलले नाहीत. पण संध्याकाळी फोन माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बंद कसं करतात ते बघा," म्हणाले. "माझ्याकडून होत नाही." मी ते विचारून-विचारून करणार होते, पण बारकीने थांबवलं. बाकीच्यांना दोन ओळी लिहून चालेल, ती म्हणाली, पण लिफ्टवाल्या काकांना बाबांनी बोलावून सांगायचं. नाहीतर ते वाट बघत राहतील.

जजसाहेबांनी ते पुढे ढकललं. आज गर्दी आहे, उद्या सुट्टीचा वार आहे, परवा समितीची सभा आहे. बारकी रोज विचारायची, सांगितलं का? शेवटी एका दुपारी त्यांनी त्याला बोलावलं. खुर्चीत नाही बसवलं. बाकावर शेजारी बसवलं.

"ते मी लिहीत नव्हतो," जजसाहेब म्हणाले. "माझी धाकटी लिहीत होती. तेरा वर्षांची आहे."

लिफ्टवाल्याने विचारलं, "सगळं तिने वाचलं?"

"हो."

"आईचं? आणि ते... शाफ्टमधलं?"

"हो."

तो उठला. मी दारात आले होते, मला त्याचा चेहरा दिसला. अंगावरचे कपडे कोणी भर रस्त्यात काढून घेतल्यासारखा. त्याने टोपी घातली, पायरी उतरला आणि परत वळून विचारलं, "तिला त्रास झाला का?"

"झाला," जजसाहेब म्हणाले.

तो गेला. त्यानंतर कितीतरी दिवस तो या रस्त्याने दिसला नाही.

मग समितीची सभा. जजसाहेबांनी ठरवलं होतं की आपणच सांगायचं, बाहेरून कळायला नको. सभेत ते उभे राहिले आणि जे घडलं ते सगळं सांगितलं. या वेळी थोडक्यात. त्यांना वाटलं, लोक आता मला प्रमुखपदावरून काढतील, हसतील, निदान कोणी टोमणा मारेल. तसं काही झालं नाही. लोकांनी माना हलवल्या, काळ वाईट आहे म्हणाले, चहा प्यायले. आणि सभा संपल्यावर फाटकापाशी फर्निचरवाल्याने त्यांना बाजूला घेतलं. हळू आवाजात विचारलं, तुमच्या मुलीला वेळ असतो का? आमच्या दुकानाचंही पान आहे, पण कोणी बघतच नाही. शाळा सुटल्यावर तासभर पुरे. त्याच्या मागे आणखी एक जण उभा होता. त्याचं चपलांचं दुकान आहे.

दुसऱ्या दिवशी जजसाहेब माझ्याकडे आले ते हातातला टॉवेल पिळत. इतका वैतागलेला माणूस मी क्वचितच पाहिला असेल. "ताई, त्या फर्निचरवाल्याने बंदीच्या बाजूने हात वर केला होता," ते म्हणाले. "मी मोजला होता त्याचा हात. माझी मुलगी सोडून बाकी सगळ्या मुलांना बंदी, असं असतं का कुठे?" मी म्हणाले, तुमचंही तसंच होतं की. ते टॉवेल माझ्या टेबलावर विसरून गेले.

समिती त्यांनी सोडली. खातं बंद झालं. दुकानात आता बटणांचा फोन आहे, त्यावर फक्त वेळा ठरवतात. लांबची तरुण गिऱ्हाइकं निम्मी कमी झाली. रेघा मारून घेणारी पोरं मात्र अजून येतात, बापासकट. निवृत्त कारकून एकदा स्वतः आले, केस कापायला नाही, नुसते बसायला. आता अधूनमधून येऊन वर्तमानपत्र वाचतात आणि जजसाहेबांशी वाद घालतात. त्यांच्या मानेवर वस्तरा नसतो, त्यामुळे ते जिंकतात.

बारकी बापाशी बरेच दिवस तुटक वागली. तिचं म्हणणं, फोन गेला त्याचं काही नाही, पण सगळ्यांचा मला नीट निरोप घेऊ दिला नाही. हल्ली ती शाळा सुटल्यावर माझ्याकडे बसते. पानं लावते, स्टेपल मारते, माझ्या पाटीवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढते. मी एकदा विचारलं, आता बरं वाटतं का? ती म्हणाली, "वर्गात डोकं हलकं असतं, मावशी. पण दुपारी काय करायचं ते कळत नाही." सोळा वर्षांची झाले की माझ्या नावाने उघडणार, असंही तिने बापाला सांगून ठेवलं आहे. त्यावर घरात अजून रोज वाजतं. बायको म्हणते, सोळाव्या वर्षी तरी कशाला. जजसाहेब म्हणतात, अठरा. बारकी म्हणते, मग मामाला का चालतं, त्याला तर अक्कल चाळिशीतही आली नाही.

गेल्या महिन्यात लिफ्टवाल्याचं लग्न झालं. तो आमंत्रण द्यायला आला तो दारातच उभा राहिला. खाली बघून, सगळ्यांनी या, एवढंच म्हणाला. डोकं त्याने पूर्ण साफ केलं होतं, आणि तेही दुसऱ्या कोणाकडून. जजसाहेबांना ते लागलं असणार. बारकीने यायला नकार दिला. ती म्हणाली, मला बघून ते ओशाळतील, त्यांचा दिवस आहे. मग जजसाहेब आणि बायको दोघंच गेले.

परत आल्यावर बारकीने नवरीचं विचारलं नाही, जेवणाचं विचारलं नाही. विचारलं ते एकच. त्यांची आई आली होती का?

"आली होती," जजसाहेबांनी सांगितलं. "खुर्चीत बसून होती. पुढच्या रांगेत."

बारकीने मान हलवली आणि ती पुन्हा गणितं सोडवायला लागली. हे मला सांगताना जजसाहेब पुन्हा तापले होते. "तेरा वर्षांच्या पोरीने ही चौकशी करायची?" ते म्हणाले. "त्या माणसाची आई जिवंत आहे का, याचा घोर हिने वाहायचा? खातं बंद केलं, ताई, फोन बदलला. आता हे तिच्या डोक्यातून कसं काढू, तेवढं सांगा."

मी मशीनचं झाकण उघडलं. माझ्याकडे आधार कार्डाच्या दोन प्रती हव्या असलेलं गिऱ्हाईक उभं होतं.